रोज एक तरी चांगली गोष्ट एकमेकांना सांगायची, हे कोणाला जमतं का?

पाणंद

नमस्कार मंडळी, बरेच दिवस विचारायचं मनात होतं, आज लिहितेच.

आई गेली त्याला आता दीड वर्ष होईल. बाबा संगमेश्वरच्या पुढे आमच्या गावी एकटेच असतात, वय ७६, गुडघा सोडला तर तब्येत ठणठणीत, आणि ठाण्याला माझ्याकडे यायला अजिबात तयार नाहीत. मी रोज रात्री नऊला फोन करते. आणि गेले कित्येक महिने आमचं बोलणं ठरून गेलंय, जेवलात का, गोळी घेतलीत का, लाईट आहे का. मग ते सांगणार माकडांनी शहाळी पाडली, गडी आला नाही, अमुक वारले. मी सांगणार गाडी लेट होती, ऑफिसात असं असं झालं. फोन ठेवला की मला आणखी जड वाटतं, त्यांनाही वाटत असणार.

आई असताना असं नव्हतं कारण फोनवर तीच बोलायची. आज जास्वंदीला सात कळ्या आल्यात, मांजरीने पिल्लं माळ्यावर नेली, शेजारच्या काकूंनी सांदणं पाठवली, असलं सगळं तिच्याकडून कळायचं. बाबा मागून फक्त "तिला सांग सिलेंडर आला" एवढंच म्हणायचे. ते घर दिवसभर कसं असतं हे मला तिच्यामुळे दिसायचं हे मला ती गेल्यावर समजलं.

म्हणून गणपतीनंतर कधीतरी मी बाबांना म्हटलं की आपण रोज एकमेकांना एक चांगली गोष्ट सांगू या, कितीही छोटी असली तरी चालेल. चार दिवस छान झालं. पाचव्या दिवशी म्हणाले, "आज काही नाही." सहाव्या दिवशी पण तेच. मग एकदा जरा चिडूनच म्हणाले की रोज रोज चांगलं कुठून आणू मी. मला एकदम वाटलं की मी त्यांना गृहपाठ दिलाय, आणि तो विषय मी बंद केला.

पण मला ते सोडायचं नाहीये. तर विचारायचं असं की तुमच्यापैकी कोणी घरात, मित्रमैत्रिणींत असं काही करतं का, ते टिकतं कसं, आणि ज्या माणसाचं एवढं मोठं काही गेलंय त्याला असं विचारावं तरी का? मनापासून उत्तरं द्या.

खाडीपूल

ताई, घरचं नाही पण आमच्या डब्याचं सांगते. मी नालासोपाऱ्याहून रोज अंधेरीला जाते, लेडीज डबा, सकाळची ७ ची वेळ. २२ वर्षं झाली. ज्यांनी ती गर्दी पाहिली नाही त्यांना सांगून कळणार नाही, नालासोपाऱ्याला चढायला मिळालं हीच एक चांगली गोष्ट असते. आमचा आठ-नऊ जणींचा ग्रुप आहे. पूर्वी चढल्यापासून सासू, बॉस, मुलांचे मार्क, हेच. मग एकीला ब्रेस्टचा कॅन्सर झाला, ट्रीटमेंट संपवून ती परत कामावर यायला लागली आणि पहिल्याच दिवशी म्हणाली की मला आठ महिने या खाडीवरच्या वाऱ्याची आठवण येत होती.

नायगाव सुटलं की खाडीवरचा पूल लागतो ना, भाईंदर येईपर्यंत. मध्ये पाणजू बेट दिसतं. तिथे सगळ्या डब्यात एकदम वारा शिरतो, कितीही गर्दी असू दे. आम्ही वर्षानुवर्षं त्या पुलावरून गेलो आणि एकीनेही बाहेर बघितलं नव्हतं. त्या दिवसापासून आमचं ठरलं, पूल लागला की रडगाणं बंद. ज्याला वाटेल त्याने काहीतरी चांगलं सांगायचं, नाही वाटलं तर नुसतं बाहेर बघायचं. पाचेक मिनिटं असतात, भाईंदरला धक्काबुक्की सुरू झाली की आपोआप संपतं. पाच मिनिटंच असल्यामुळे ते टिकलंय असं माझं मत आहे.

आणि काय काय सांगतात म्हणून सांगू! एकीच्या मुलाने पहिल्यांदा स्वतःहून पाण्याची बाटली भरली. एकीला रिक्षावाल्याने सुट्टे नाहीत तर राहू द्या म्हटलं. एकीने काहीच न सांगता नुसती पिशवीतून मेथी काढली आणि निवडायला सगळ्यांना वाटली, त्या दिवशी तेच चांगलं होतं. ओहोटीला खाडीत बगळे उभे असतात ते आता आम्हाला पाठ झालेत. दसऱ्याला डबा सजवतो, हळदीकुंकू करतो, एकीचं डोहाळजेवण पण गाडीत केलं, ते सगळं आधीपासून होतंच पण हे पुलावरचं मला त्याहून जवळचं वाटतं.

तुमच्या बाबांना "रोज एक" असं बंधन नका घालू. नाही सांगायचं तर नुसतं बाहेर बघायची मुभा ठेवा.

वर्गशिक्षक

मी ज्युनिअर कॉलेजला मानसशास्त्र शिकवतो त्यामुळे थोडं त्या बाजूने लिहितो, लांबलं तर माफ करा.

तुम्ही जे सुरू केलंत त्याचा बऱ्यापैकी अभ्यास झालेला आहे. २००५ मध्ये मार्टिन सेलिग्मन या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना आठवडाभर रोज रात्री दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी लिहायला सांगितल्या आणि सोबत ती गोष्ट का घडली तेही लिहायला सांगितलं. सहा महिन्यांनी पाहिलं तेव्हाही त्या लोकांना बरं वाटत होतं, उदासी कमी होती, विशेषतः ज्यांनी आठवडा संपल्यावरही स्वतःहून चालू ठेवलं त्यांना. पुढे २०१२ साली कॅनडातल्या संशोधकांनी हाच प्रयोग पुन्हा करून पाहिला तर नुसत्या चांगल्या आठवणी लिहिणाऱ्यांनाही तितकंच बरं वाटलं. म्हणजे तीनच हव्यात, रोजच हव्यात असं काही नाही. मन त्या बाजूला वळणं महत्त्वाचं. आणि ते आपोआप वळत नाही, वाईट गोष्ट मनाला जास्त जोरात धरते, हे रॉय बॉमायस्टर यांनी २००१ च्या त्यांच्या लेखात अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलंय. त्यामुळे बाबांना माकडं आठवतात आणि जास्वंद आठवत नाही यात त्यांचं काहीच चुकत नाही.

पण मला तुमच्यासाठी त्याहून कामाचं वाटतं ते शेली गेबल यांचं संशोधन. त्यांनी २००४ मध्ये असं दाखवलं की चांगली घटना घडल्याचा जो आनंद असतो त्याशिवाय ती कोणाला तरी सांगितल्याचा वेगळा आनंद असतो. आणि तो बराचसा ऐकणाऱ्यावर अवलंबून असतो. ऐकणारा नुसता "अरे वा छान" म्हणून पुढे गेला तर फार काही होत नाही. त्याने पुढचं विचारलं, कुठे, कधी, मग काय झालं, तर सांगणाऱ्याला ती गोष्ट पुन्हा जगायला मिळते.

आता यावरून दोन गोष्टी सुचवतो. पहिली, "आज चांगलं काय झालं" हा प्रश्न विचारूच नका. त्या प्रश्नात आधीच निवाडा करायला लागतो, हे चांगलं म्हणायचं की नाही. आणि त्या पिढीतल्या पुरुषांना तो निवाडा मोठ्याने करायची सवय नाही, माझे वडीलही तसेच होते. त्यापेक्षा साधं विचारा की आज आगरात काय दिसलं, सकाळी काय ऐकू आलं, चहा कुठे बसून घेतलात. दिसलेलं-ऐकलेलं सांगायला काही जड नसतं. दुसरी, ते जे काही सांगतील त्यावर तीन प्रश्न तरी विचारा. खरोखर उत्सुकतेने. तुमच्या आई बहुतेक हेच करत असणार, फक्त फोनच्या त्या बाजूला, आपल्याला ऐकू न येता.

नाईट ड्युटी

मी थोडं वेगळं लिहिणार आहे, कोणी गैरसमज करून घेऊ नये.

सिस्टर आहे, सोळा वर्षं झाली, त्यातली बरीच ऑन्कोलॉजी म्हणजे कॅन्सर वॉर्डला. पेशंटला भेटायला येणारा प्रत्येक माणूस सांगतो पॉझिटिव्ह राहा. सकाळी भाऊ सांगतो, दुपारी शेजारी, संध्याकाळी साहेब. पेशंट मान हलवतो. आणि रात्री दोनला मला सांगतो की सिस्टर मला भीती वाटते. त्याला दिवसभर ते कोणाला बोलताच आलेलं नसतं. म्हणून तुमचे बाबा चिडले ते मला बरोबर वाटलं. चांगलं सांगायच्या आधी वाईट सांगायला जागा हवी. माकडांनी शहाळी पाडली हे सांगताना कदाचित ते म्हणतायत की ती पाडलेली शहाळी आवरायला आता तुझी आई नाही. ते आधी ऐकून घ्या, पूर्ण.

एवढं बोलून मग हेही सांगते की मी स्वतः छोट्या गोष्टींवरच टिकले आहे. सकाळी डे ड्युटीच्या सिस्टरला ओव्हर देताना बेड नंबर, सलाईन, युरीन आउटपुट, रात्रीचे इंजेक्शन सगळं सांगायचं असतं. आमच्या जुन्या इन्चार्ज सिस्टर होत्या, त्या शेवटी प्रत्येक पेशंटबद्दल एक वाक्य सांगायला लावायच्या जे फाईलमध्ये नसतं. "सात नंबर आजी रात्री अर्धा कप चहा प्याल्या आणि साखर कमी आहे म्हणाल्या." तीन दिवस तोंडात काही न घेतलेल्या बाईने साखर कमी आहे म्हणणं ही काय बातमी असते हे ज्याने वॉर्ड केलाय त्यालाच कळेल. त्या इन्चार्ज रिटायर झाल्या पण मी अजून तसंच ओव्हर देते आणि नवीन मुलींनाही लावते. ते वाक्य पॉझिटिव्ह असलंच पाहिजे असं नाही, खरं असलं पाहिजे. बहुतेक वेळा तेच चांगलं निघतं.

साडेतीन तास

मी जर्मनीत, भारताच्या साडेतीन तास मागे, थंडीत साडेचार. आमच्या फॅमिली ग्रुपवर रोज चाळीस शुभ सकाळ यायच्या, गुलाब, सूर्योदय, सुविचार, आणि कोणी कोणाचं बघायचं नाही. माझ्या सांगलीच्या मामीने एक नियम केला की फॉरवर्ड बंद, स्वतः पाहिलेलंच टाकायचं, फोटो नाही जमला तर आवाजात बोलायचं. पहिले पंधरा दिवस ग्रुप अगदी शांत होता, मला वाटलं संपलं. मग आजीने (वय ८३) एक व्हॉइस मेसेज टाकला, अर्ध्या मिनिटाचा, त्यात ती फक्त सांगते की दारात पारिजातकाचा सडा पडलाय आणि आज कोणी तुडवायच्या आधी मी उठले. मागे कृष्णाकाठची सकाळ, भांड्यांचा आवाज, कोणाची तरी सायकल. मी तो ट्राममध्ये किती वेळा ऐकला सांगता येणार नाही.

तर सुचवायचं एवढंच की बाबांकडून शब्दच हवेत असं नाही. आवाज मागा.

पाणंद

सगळ्यांचे खूप आभार, खाडीपूल ताईंचं वाचून ऑफिसात रडू आलं. नाईट ड्युटी, तुम्ही लिहिलेलं मी परत परत वाचलं. परवा फोन केला तेव्हा माकडांचं सांगायला लागले तर मी नेहमीसारखं "बरं बरं" न करता विचारलं, किती पाडली, कोणत्या माडाची, मग उचलली कोणी. थोडा वेळ गप्प झाले आणि म्हणाले, "तशीच आहेत पडून. ती असती तर एक फोडून दिलं असतं मला." दीड वर्षात पहिल्यांदा ते आईबद्दल स्वतःहून बोलले. त्या रात्री आम्ही चांगलं-बिंगलं काहीच बोललो नाही, फक्त आईबद्दल बोललो, पाऊण तास.

काल मग सरांनी सांगितलं तसं विचारलं की आज ऐकू काय आलं. आधी म्हणाले काय ऐकू येणार. मग म्हणाले एक पक्षी चार-पाच दिवस झाले ओरडतोय, संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, आणि पहाटेही. पऱ्ह्याच्या, म्हणजे ओढ्याच्या बाजूला बांबूचं बेट आहे तिथून. दोनच सुरांची शीळ, थांबून थांबून. दिसत नाही कुठे. मी विचारलं दरवर्षी येतो का, तर म्हणाले हो, पाऊस आला की येतो, तुझी आई हातातलं टाकून पडवीत यायची ऐकायला. नाव काय म्हणायची ती, हे त्यांना आठवेना आणि त्याचं त्यांना फार वाईट वाटलं. कोणाला काही सांगता येईल का, कोणता पक्षी असेल?

रानभुली

ताई मी हे वाचून लगेच लिहितेय! जूनची सुरुवात, कोकण, ओढ्याकाठची झाडी, पहाट आणि संध्याकाळ, दोन सुरांची शीळ, म्हणजे तो नवरंग असायची खूप शक्यता आहे. बाबांना विचारा की पहिला सूर चढा आणि दुसरा खाली उतरणारा आहे का. असेल तर नवरंगच.

मैनेपेक्षा लहान पक्षी, शेपूट अगदी आखूड, पाठ हिरवी, पोट पिवळट, शेपटीखाली लालभडक, पंखावर निळा चकाकणारा पट्टा, डोळ्यावरून काळी पट्टी. एवढे रंग अंगावर असून दिसत नाही कारण तो बहुतेक वेळ जमिनीवर पाचोळा उलटून किडे शोधत असतो. शीळ घालताना मात्र फांदीवर बसतो आणि मान मागे टाकतो. तो हिवाळा दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढतो आणि पावसाच्या तोंडावर आपल्याकडे घरटं करायला येतो, त्यामुळे बाबा म्हणतात तसं दरवर्षी पाऊस आणि तो एकत्रच येणार. तमिळमध्ये त्याला सहा वाजताचा पक्षी म्हणतात, पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला ओरडतो म्हणून. मला हे नाव फार आवडतं, कोणीतरी रोज ऐकल्याशिवाय असं नाव पडत नाही.

बाबांना म्हणावं त्या बांबूच्या बेटाशी फार जवळ जाऊ नका, आसपास घरटं असू शकतं, गवताकाडीचा मोठा गोळा असतो. पडवीतूनच ऐका. पावसाळ्याची सुरुवात सरली की हळूहळू गप्प होतो, तेव्हा आत्ताच ऐकून घ्या.

खाडीपूल

आज पुलावर मी हे सगळं डब्यात सांगितलं, तुमच्या बाबांचं आणि त्या पक्ष्याचं. नऊजणी गप्प ऐकत होत्या आणि भाईंदर आलं तरी विषय संपला नाही. सगळ्यांनी विचारलंय पुढे काय झालं ते नक्की लिहायचं.

पाणंद

लिहिते. नऊचा फोन बदलला. आज सव्वासहाला ऑफिसातून निघाले, दादरला गाडी समोर लागलेली होती ती सोडली, आणि पुलाखाली प्लॅटफॉर्मच्या अगदी टोकाला जिथे जरा कमी आवाज असतो तिथे जाऊन उभी राहिले आणि फोन केला. बाबांना म्हटलं बोलू नका, फोन नुसता पडवीत धरा. त्यांना वाटलं काहीतरी बिघडलं. मग समजावलं.

आधी फक्त पागोळ्यांचा आवाज. इकडे अनाऊन्समेंट चालू, मी एका कानात बोट घालून उभी. बाबांचा श्वास ऐकू येत होता, गुडघा दुखतो म्हणून मध्येच जरा हलले असतील, खुर्ची करकरली. दोन मिनिटं गेली असतील, तीन. मला वाटलं आज नाही.

आणि मग आली. अगदी लांबून, दोन सूर, एक चढा आणि एक खाली. पुन्हा थांबला. पुन्हा दोन सूर. बाबा हळूच म्हणाले, "ऐकलंस?" मी म्हटलं हो बाबा, नवरंग म्हणतात त्याला. ते म्हणाले, "नवरंग. हेच, हेच म्हणायची ती." आणि ते नाव त्यांनी दोन-तीनदा स्वतःशीच म्हणून पाहिलं.

फोन ठेवताना मी गोळीचं विचारायला विसरले. त्यांनीच सांगितलं की शहाळी उचललीत सगळी, एक फोडून प्यालो, उद्या साडेसहाला फोन कर, आज तो उशिरा ओरडला.